खवा होत आला की

कंपनीच्या माणसानं बाटलीचं बूच काढलं आणि ती एकेकाच्या नाकाखालून फिरवली. उत्कर्षनं तोंड वाकडं केलं. त्याची बायको निकिता ओढणी नाकाला लावून मागं सरली. दूध घालायला आलेला कल्याणप्पा थुंकायला थेट बाहेर गेला. शेवटी बाटली उत्कर्षच्या आईपुढं, गौराबाईपुढं आली. तिनं ती नाकाशी धरली आणि सगळ्यांनी केलं होतं तसंच तोंड केलं. जरा उशिरा केलं, पण कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"सडक्या कांद्यावानी हाय," निकिता म्हणाली.

"मावशी, तुम्हाला कसा वाटला?"

"लई घाण," गौराबाई म्हणाली आणि बाटली परत दिली.

तो माणूस खुश झाला. मूळ गॅसला वासच नसतो, हा वास मुद्दाम मिसळलेला असतो, म्हणजे कुठं गळती झाली की माणसाला लगेच कळावं, असं त्यानं समजावून सांगितलं. हाच गॅस तामलवाडीकडच्या कारखान्यांत जळतो, हाच गाड्यांत भरतात आणि हाच आता भूमच्या खवा भट्ट्यांत येणार. धूर नाही, राख नाही, लाकूड फोडायला नको. वास आला की आधी कॉक बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, काडी ओढायची नाही. "नाक शाबूत असलं की भीती नाही," असं म्हणून तो हसला आणि सगळे हसले. गौराबाईही हसली.

तिचं नाक करोनाच्या दुसऱ्या साली गेलं होतं. ताप सगळ्या घराला आला, वास सगळ्यांचाच गेला, आणि चार आठ दिवसांनी सगळ्यांचा परत आला. तिचा आला नाही. येईल म्हणून तिनं वाट पाहिली. हिंगाची डबी उघडून बघितली, लसूण चेचून बघितला, ट्रंकेतल्या डांबरगोळ्या हुंगल्या. काही नाही. पाणी हुंगल्यासारखं. आणि ही बाई तर नाकावरच जगणारी. भूमपासून वाशीपर्यंतच्या भट्टीवाल्यांत गौराबाईचं नाक प्रसिद्ध होतं. खवा होत आला की दुधाचा वास पालटतो, आणि तो पालटल्यावर कढई चार पळ जरी जास्त राहिली तरी बुडाला धरते. डोळ्याला रंग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. व्यापारी रसूलभाई तिच्या खव्याचे डबे वेगळे ठेवायचे आणि बाकीच्यांच्या खव्याला नावं ठेवायचे. अशा बाईनं आपलं नाक गेलं म्हणून कुणाला सांगायचं? तिनं कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

आणि गंमत म्हणजे काहीच बिघडलं नाही. खवा पहिल्यासारखाच उतरत राहिला. तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं की नाक हे नुसतं नावाला होतं, खरी जाण हातात आहे. उलथण्याला दूध कसं लागतं, मनगटाला किती जड जातं, त्यावरून आपल्याला कळतं. एवढ्या वर्षांचा हात आहे, त्याला काय नाकाची भीक?

त्या वर्षांत तिला तक्रार होती ती एकाच गोष्टीची. तिचा नवरा व्यंकट दाराशी दगडावर बसून दूध मापून घ्यायचा, आणि हिच्या कढईतला दुधाचा घाणा ऐन आटत आला की नेमका त्याच वेळी आत डोकं घालायचा.

"चहा ठेव गं जरा."

"आत्ताच दिला की."

"तवाचा तवा गेला. ठेव."

मग कढई उतरवावी लागायची. कढई उतरवल्याशिवाय चुलीवर चहाचं पातेलं कुठं ठेवणार? दर घाण्याला हाच प्रकार. बरं, केलेला चहा पुरता पिईल तर शपथ. अर्धा पेला दगडाशेजारी निवत पडायचा. डॉक्टरनं पित्तासाठी चहा बंद सांगितला तरी याचं चालूच. "प्यायचा न्हाय तर मागायचा कशाला?" असं ती रोज म्हणायची, आणि तो रोज मिशीत हसायचा. त्या हसण्याचा तिला भारी राग यायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला व्यंकट गेला. छातीचं दुखणं होतं. उमर सगळी बाभळीच्या धुरात गेली, फुप्फुसं काळी झाली, असं बार्शीच्या डॉक्टरनं उत्कर्षला सांगितलं. उत्कर्षनं बापाचे दिवस झाल्यावर जुनी भट्टी स्वतःच्या हातानं फोडली. आता या घरात लाकूड पेटणार नाही, म्हणाला. दिवाळीपर्यंत दूध डेअरीला घातलं, आणि दिवाळी झाल्यावर रस्त्याकडची पिवळी नळी भिंतीतून आत आली.

गौराबाईला ती नळी नको होती. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला धुराच्या चवीची सवय. तिला खरं कारण सांगता येत नव्हतं. लाकडाचा जाळ तरी डोळ्याला झोंबतो, तडतडतो, माणसाला काहीतरी सांगतो. हा निळा जाळ मुका होता. तरी ती कढईशी बसलीच. कारण नाही बसली तर उत्कर्ष मोटारीवर फिरणारी कढई आणणार होता. तो तसं बोललाही होता. "आई, बटन दाबलं की काम. तू नुसतं आराम कर." आराम करणाऱ्या बायका तिनं गल्लीत पाहिल्या होत्या. ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला कुठं निघालास म्हणून विचारायचं. नवरा गेला, भट्टी गेली, आता उलथणंही गेलं तर आपण उरलो कशाला, हा तिचा सरळ हिशेब होता.

नव्या चुलीवर पहिलं दूध उगवतीकडं उतू घातलं. हळदी-कुंकू वाहिलं. आणि पहिलाच घाणा बुडाला लागला.

"पहिला हाय. अंदाज यायला वेळ लागतो," उत्कर्ष म्हणाला.

दुसऱ्या दिवशीही लागला. तिसऱ्या दिवशी एक बरा उतरला आणि दोन लागले. उत्कर्षनं कंपनीच्या माणसाला बोलावलं, जाळ कमी करून घेतला, बर्नर बदलून घेतला. फरक नाही. रसूलभाई डबे न्यायला आले, तेव्हा त्यांनी बोटावर खवा घेतला, जिभेला लावला आणि बोट रुमालाला पुसत राहिले. माणूस जुना, व्यंकटचा दोस्त. बोलायची चोरी झाली होती.

"वहिनी, करपट वास मारतोय," शेवटी ते हळूच म्हणाले.

"गॅसला जीव न्हाय रसूलभाई. जाळ एकाच जागी धरतो."

"व्हय, तसंच आसंल. पण बाकीच्यांचा बी गॅसच हाय वहिनी." एवढं बोलून त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. डबे तसेच टेम्पोत ठेवून ते गेले.

या सगळ्यात निकिताचं एक वागणं गौराबाईला समजत नव्हतं. पोरगी गुणी. तामलवाडीच्या शेतकऱ्याची, मोजकं बोलणारी. पण हल्ली घाणा आटत आला की दारात येऊन उभी राहायची. ओढणी बोटाला गुंडाळायची, सोडायची. घसा खाकरायची.

"काय गं?"

"काय न्हाय आत्या. तुमाला काय पायजे का इचारायला आले."

"मला काय पायजे? तुझं काम बघ की."

ती जायची. थोड्या वेळानं परत यायची, तोंड उघडायची आणि मिटायची. गौराबाईला वाटायचं, पोरीला नवऱ्यानं पाळतीवर ठेवलीय. म्हातारी किती खवा जाळते ते बघायला. एकदा तर ती फाडकन म्हणाली, "सारखं सारखं दारात हुबं राहू नगंस. नजर लागती कढईला." त्या दिवशी निकिता रडली, पण स्वयंपाकघरात जाऊन रडली. आणि तो घाणा तर सगळ्यात जास्त लागला.

संक्रांतीच्या आधीच्या एका दुपारी उत्कर्ष बाजारात गेला होता. थंडीचं वारं होतं म्हणून गौराबाईनं दार लोटून घेतलं होतं. सकाळच्या घाण्याचं करपट खुरपून काढताना हात आणि मन दोन्ही दुखत होतं. दुसरं दूध कढईत ओतून तिनं जाळ मोठा केला आणि बाहेरचा व्यंकटचा रिकामा दगड आठवत लोटलेल्या दाराकडं बघत बसली. किती वेळ बसली तिचं तिला कळलं नाही. दूध वर आलं, कढईचा काठ ओलांडून चहूकडून खाली उतरलं, आणि चुर्र आवाज होऊन जाळ विझला.

तिनं वाकून बघितलं. बर्नर काळा. तिला वाटलं, दूध सांडलं ते सांडलं, पण नेमका गॅसही गेला. भूममध्ये लाइट जाते, नळ जातो. गेलं की माणसं बटन तसंच ठेवतात, तोटी उघडीच ठेवतात, म्हणजे आलं की कळतं. तिनंही कॉक तसाच राहू दिला. सांडलेलं दूध फडक्यानं पुसलं, फडकं पिळलं, पुन्हा पुसलं. गॅस यायची वाट बघितली. येईना. शेवटी दूध नासून जाईल या काळजीनं तिनं कोनाड्यातली काड्यापेटी घेतली. बघू तरी, म्हणून काडी बाहेर काढली.

दार धाडकन उघडलं. निकितानं आत येऊन तिचं मनगट असं धरलं की काडी आणि पेटी दोन्ही खाली पडली. तिनं कॉक आवळला, दोन्ही खिडक्या उघडल्या, गौराबाईला दंडाला धरून अंगणात ओढत नेलं आणि पार शेवग्यापाशी नेऊन सोडलं. तिथं गेल्यावर मग ती खाली मातीत बसली.

"येवढा वास... रस्त्यापतुर येतोय..." निकिता म्हणाली.

गौराबाई उभीच होती. आता झाकण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला वाटलं, ही आता नवऱ्याला फोन करणार. सासूला वास येत नाही, म्हणून खवा लागतो, म्हणून आज घर गेलं असतं. आणि सांगितलं तर खोटं काय? तिनं खालच्या आवाजात म्हटलं,

"निकिता, मला वास येत न्हाय गं."

"मला ठावं हाय."

"आत्ता कळलं व्हय."

"न्हाय आत्या. मामांनी सांगितलं हुतं."

गौराबाईला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मामा म्हणजे तिचा सासरा. म्हणजे व्यंकट.

"त्येंना कुठं ठावं हुतं?"

निकितानं ओढणीनं तोंड पुसलं. मग खाली बघत, मातीतली काडी मोडत मोडत तिनं सांगितलं. बार्शीच्या दवाखान्यात उत्कर्ष औषधं आणायला गेला होता तेव्हा सासऱ्यानं तिला जवळ बोलावलं होतं. नाकाला नळी लावलेली, एकेक शब्द तोडून बोलत होते. करोनाच्या तापानंतर, त्यांचा स्वतःचा वास परत आल्यावर, गौराबाईनं त्यांना चहा केला होता. दुधाला वास लागला होता. पेला तोंडाशी नेल्याबरोबर कळण्यासारखा. तिनं तो चहा हौसेनं हातात दिला, आणि त्यांच्या त्याच दिवशी ध्यानात आलं.

"मग काय केलं त्येंनी?"

"पिले की. पुरता पिले, म्हणाले."

शेवग्याच्या खोडाला हात टेकून गौराबाई खाली बसली.

"आनिक काय म्हणाले?"

"म्हणाले, तिला वासाचं काय इचारू नगंस. तिला कळलं की आपल्याला ठावं हाय, तर उद्यापासनं कढईपशी जायची न्हाय. अन् कढईपशी गेली न्हाय तर मरंल." निकिता थांबली. "म्हणाले, म्या दारात बसून वास घेतो अन् चहा मागतो. चहा मागितला की तिला कढई उतरावी लागतीच. तेवढंच कर म्हणाले. खवा होत आला की चहा माग."

भट्टीच्या उघड्या दारातून थंड वारं आत-बाहेर करत होतं. गौराबाईच्या डोळ्यांपुढून सगळे अर्धे पेले एकामागून एक गेले. पित्तानं करपट ढेकरा देत, छाती चोळत हा माणूस दर घाण्याला चहा मागत होता. आणि ती त्याला काय काय बोलली होती. शेवटच्या महिन्यात तर तिनं रागानं पेला आदळला होता, तेव्हा चहा त्याच्या पायावर सांडला होता. तेव्हाही तो हसलाच होता.

"मग मागितला का न्हाईस?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

निकिता आता हुंदके देऊन रडायला लागली.

"सुनंनं सासूला कसा चहा मागायचा आत्या? तुमी उन्हाळ्या-पावसाळ्यात जाळापशी बसणार अन् म्या दारातून म्हणायचं, चहा ठेवा? रोज यायचे. आज मागीन म्हणून यायचे. जीभच उचलायची न्हाय. वास यायचा, खवा लागतोय कळायचं, अन् म्या तिथं हुबी." ती डोकं हलवत राहिली. "आमच्या आईनं ऐकलं आसतं तर मला जित्ती गाडली आसती."

गौराबाईनं तिला जवळ ओढलं नाही. तिला ते जमतही नव्हतं. फक्त तिच्या डोक्यावरची शेवग्याची वाळकी पानं एकेक करून काढली.

संध्याकाळी उत्कर्ष आला. त्याला दोघींपैकी कुणी काही सांगितलं नाही. दूध उतू गेलं, एवढंच सांगितलं.

सकाळी कल्याणप्पा दूध घालून गेला. उत्कर्ष डबे धुवायला हौदाकडं गेला. गौराबाई ओट्यावर बसून होती. ती आत जाईना. आता कशाला जायचं, असं तिच्या सगळ्या बसण्यात होतं. निकितानं दूध कढईत ओतलं, जाळ लावला, दोन्ही खिडक्या उघड्या टाकल्या आणि उलथणं कढईला टेकवून ठेवलं. मग ती बाहेर आली, सासूकडं न बघता दाराशी गेली आणि व्यंकटच्या दगडावर बसली. त्या दगडावर त्याच्या माघारी कुणी बसलं नव्हतं.

गौराबाई बराच वेळ तशीच राहिली. आत दूध तापायला लागल्याचा आवाज यायला लागला. कढईतलं दूध वाऱ्यावर टाकून बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, आजही जमलं नाही. ती उठली, पदर खोचला, आत जाऊन उलथणं हातात घेतलं.

दूध उकळलं, खाली बसलं, पुन्हा चढलं. पातळाचं दाट झालं. बुडबुडे मोठे झाले आणि फुटायला वेळ घ्यायला लागले. मनगटाला जड जायला लागलं. एरवी इथं ती मनाशी म्हणायची, अजून थोडं. आज तिला काहीच म्हणवेना. हाताला काही कळत नव्हतं, कधीच कळत नव्हतं. ती कढईकडं बघत होती आणि तिचे कान दाराकडं लागले होते. दगडावरची बांगडी वाजली. घसा खाकरल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग पुन्हा खाकरल्याचा.

"आत्या."

गौराबाईनं मागं बघितलं नाही.

"चहा ठेवता का?"

आवाज इतका बारीक होता की जाळाच्या फुरफुरीत जेमतेम ऐकू आला. गौराबाईनं कॉक बंद केला. कढईचे दोन्ही कान फडक्यानं धरले, कढई उतरवली आणि खवा परातीत पालथा घातला. पांढरा, रवाळ, कडेला तूप सुटलेला. कढईच्या बुडाला काही नव्हतं. बऱ्याच दिवसांनी तिनं कढईचं स्वच्छ बूड बघितलं.

मग तिनं चहाचं पातेलं ठेवलं. आलं ठेचून घातलं. चहा गाळून व्यंकटच्या पेल्यात ओतला आणि बाहेर नेऊन दगडावर बसलेल्या सुनेच्या हातात दिला. निकिता चहा पीत नसे. माहेरापासूनच सवय नव्हती. तरी तिनं दोन्ही हातांत पेला धरून फुंकून फुंकून घोट घेतले. निम्म्यावर आल्यावर मात्र तिला जाईना. तिनं पेला हळूच दगडाशेजारी ठेवला आणि ओशाळून सासूकडं बघितलं.

प्यायचा न्हाय तर मागायचा कशाला, हे गौराबाईच्या जिभेवर आलं. आलं आणि तिथंच राहिलं. तिचे डोळे भरून वाहायला लागले, आणि ते पुसायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही. तिनं वाकून पेला उचलला आणि उरलेला चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला. वास नव्हता. गरम होता, गोड होता.

आत जाऊन तिनं दुसऱ्या घाण्याचं दूध कढईत ओतलं. बाहेर निकिता उठल्याची चाहूल लागली, तशी ती आतूनच म्हणाली,

"तितनं उठू नगंस."